रेघेवर राहणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या कुमुदताई

डॉ. कुमुद आरेकर यांची आणि माझी खरी ओळख झाली ती आमच्या मंडळातल्या भांडणामुळे. २००३ साली अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाची फाळणी ठरली होती. गणपती नोव्हाय गावात बसवायचा की शेजारच्या ॲन आर्बरला, इथून सुरुवात झाली आणि दोन मराठी माणसं जमली की तीन मंडळं होतात, या विनोदाला आम्ही जागलो. फ्रीवेच्या अलीकडचे एका मंडळात, पलीकडचे दुसऱ्यात, असं कार्यकारिणीनं ठरवलं. मी सेक्रेटरी, त्यामुळे नकाशा माझ्या काखेत.

कुमुदताई तेव्हा नुकत्याच सत्तरीला आल्या होत्या आणि विद्यापीठात युरोपचा इतिहास शिकवत होत्या. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या सीमा कशा बदलल्या, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. शिवाय दर रविवारी आपल्या तळघरात त्या आमच्या मुलांचा मराठीचा वर्ग घेत. "ताई, तह कसा करायचा तेवढं गाइड करा," म्हणत मी नकाशा पुढे केला.

त्यांनी चष्मा पुसला. "रेघेवर कोण राहतं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्या बोलायला लागल्या आणि मी चहा विसरलो. जुनी साम्राज्यं कोसळली होती; पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या राज्यात राहिलेल्यांना स्वतःचं राष्ट्र हवं होतं, आणि ताईंच्या मते ते मागणं रास्तच होतं. पण पॅरिसला जमलेल्या मुत्सद्द्यांनी भाषा पाहून रेघ ओढावी तर रेल्वे पलीकडे जाई, रेल्वे पाहून ओढावी तर माणसं. कुठे कौल घेतला, कुठे सैन्यानंच निकाल लावला. पुढे पोलंडच्या पूर्वेकडच्या खेड्यांत शिरगणतीवाल्यांनी शेतकऱ्यांना विचारलं, तुम्ही कोण? अनेकांनी सांगितलं, "आम्ही इथले." ताई स्वतः बेळगावाकडच्या. 'तुम्ही नक्की कुठल्या?' हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून त्या शेतकऱ्यांवर त्यांचा विशेष जीव.

आमच्या फाळणीत मोडणार होता तो रविवारचा वर्ग. ताईंचं घर ॲन आर्बरच्या बाजूला, म्हणून आम्ही नोव्हायच्या पालकांनी मुलं पाठवायची नाहीत असं ठरवलं होतं. मूठभर मुलांत दोन वर्ग चालणं शक्य नव्हतं. माझ्या मुलीचं, ईराचं, मराठी तिथेच संपणार, याची मला फार भीती वाटत होती.

ताईंनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी बर्फातून स्वतः गाडी चालवत त्या आमच्या दारात हजर झाल्या.

"अहो ताई, एवढ्या स्नोमध्ये कशाला ड्राइव्ह केलंत? क्लास तर कॅन्सल केलाय ना?"

"तुम्ही केलाय. मुलांना विचारलंत?" त्या ईराकडे वळल्या. "काय गं, तू कुठली? नोव्हायची की ॲन आर्बरची?"

ईरा बूट चढवत म्हणाली, "आय ॲम फ्रॉम कुमुद आजीज बेसमेंट!"

ताई इतक्या हसल्या की पायरीवरच बसल्या. "आता बोला सेक्रेटरी, हिला कोणत्या बाजूला टाकताय?" मी शेजारच्या मराठी कुटुंबाकडे गेलो आणि त्यांच्या दोन्ही मुलांना आणून ताईंच्या गाडीत बसवलं.

मंडळं दोन झालीच. ते काही टळलं नाही. वर्ग मात्र एकच राहिला आणि आजही भरतो. यंदा, २००८ साली, कोसोव्होनं स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा पंच्याहत्तरीतल्या ताई नवा नकाशा घेऊन वर्गात आल्या आणि तिथल्या मुलांच्या शाळा आता कोणत्या भाषेत भरतील, यावर आमच्या मुलांशी तासभर बोलत बसल्या. त्यांचं हे कुतूहल मला अजून थक्क करतं.

ताईंच्या पंच्याहत्तरीचा हा गौरवग्रंथ दोन्ही मंडळांनी मिळून काढला आहे. मुखपृष्ठावर आधी कोणाचं नाव, यावरून बैठका झाल्या, आवाज चढले, आणि ताईंना विचारायची सोय नव्हती, कारण ग्रंथच त्यांचा! शेवटी हा तह आमचा आम्हीच कसाबसा केला. ताईंना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. या प्रार्थनेत आमचा स्वार्थ आहे: त्यांच्यावाचून असा दुसरा तह करणं आम्हाला झेपणार नाही.