सोवळ्यातले हात

माझी नात धानावर संशोधन करते. गेल्या पावसाळ्यात मोठा खंड पडला, तेव्हा शेतात सुकू लागलेल्या रोपांच्या पानांतून तिने आरएनए काढला आणि बारा कुप्यांत भरला. प्रयोगशाळेतला फ्रीजर बिघडल्यामुळे एका संध्याकाळी ती त्या कुप्या कोरड्या बर्फाच्या पेटीत घालून समता कॉलनीतल्या आमच्या घरी घेऊन आली. सकाळी त्या कुरिअरने तपासणीला जायच्या होत्या.

जेवताना तिने मला समजावले. जनुकातला मजकूर जागचा हलत नाही; त्याची नक्कल, म्हणजे आरएनए, निघते आणि तिच्याबरहुकूम प्रथिने घडतात. गरज सरली की काही विकरे, म्हणजे एन्झाइम, ती नक्कल कापून टाकतात, नाहीतर पेशी तेच ते घडवीत बसेल. पाणी तुटल्यावर धान कोणती नक्कल राखते आणि कोणती कापते, हे तिला पाहायचे होते. इतक्या सूक्ष्मातली ही मर्यादा ऐकून मी भारावून गेलो.

सकाळी ती स्नानाला गेली असता मी पेटी देवापुढे आणली. नैवेद्य झाकून दाखवीत नाहीत. म्हणून सोवळ्यात मी एकेका कुपीचे झाकण काढले, तोंडाशी तुळशीदळ टेकवले आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणू लागलो.

"आबा! काहून उघडलं हे?"

"देवाला दाखवलं, बाळ. हात दोनदा धुतले होते."

"धुतल्यानं नाही जात ते! तसलंच कापणारं विकर माणसाच्या कातडीवर असते. आम्ही ग्लोव्ह्जशिवाय शिवत नाही, और आप..." तिने भराभर झाकणे लावली आणि कुरिअरला न देता पेटी घेऊन प्रयोगशाळेत गेली.

दुपारी प्रयोगशाळेतून तिचा फोन आला. "सगळ्याचे तुकडे झाले, आबा."

"पुन्हा काढता येईल ना?"

"पानं कुठून आणू? धान कापून झालं."

"कुंडीत लावून, पाणी तोडून?"

"कुंडीतलं वेगळं. मले खेतातलं पाहिजे होतं. आता पुन्हा तसा खंड पडला तरच."

शास्त्रांनी बहुतेक दोषांना प्रायश्चित्त सांगितले आहे. मी स्नान करून देवापुढे बसलो, पळीभर पाणी हातात घेतले, आणि संकल्प सुचेना. नातीसाठी मागायचे तर येत्या वर्षी पावसाने ओढ द्यावी, असे मागावे लागेल. आणि हा सारा मुलूख धानावर जगतो. पाणी ताम्हनात सोडून मी तसाच उठलो.