पॅडलचे पट्टे

मालवणच्या बाजारातला सायकलवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. शर्यतीसाठी पॅडलला पाय बांधायचे पट्टे घ्यायला गेलो. त्याने चामड्याचे निवडले, बक्कल हाताला लागेल असं बाहेर बसवलं आणि पट्टे सैल ठेवले.

"घट्ट आवळा ना!"

बंदरातल्या होड्यांकडे बोट करत तो म्हणाला, "होडयेर पायाक दोरी गुतली तर माणूस जाळ्यावांगडा पाण्यात जाता. तुका खंय जावचा आसा?"

मला बसवून त्याने सायकल अचानक कलती केली. "पाय काढ!" मी अडकलो, त्यानेच दंड धरला. असं दहा वेळा, पाय झटकन सुटेपर्यंत. एरवी मला कुणाचा हुकूम खपत नाही.

शर्यतीत वळणावर पुढचा घसरला. माझा पाय विचाराआधीच जमिनीवर होता.

परतल्यावर सायकलवाल्याने नंबर विचारला नाही. बुटाचा घासलेला तळ पाहून म्हणाला, "पाय सुटलो मा?"