दोन तारखांचा क्रम

मोबाइलला बटणं होती आणि पडदा काडेपेटीएवढा, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दोघी मैत्रिणी नाशिकच्या गंगापूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्या पडद्यासाठी प्रोग्रॅम लिहायचो. लोक विचारायचे, मोबाइलवर बोलायचं सोडून आणखी काय करायचं असतं? ती हसून म्हणायची, "थांबा, कळेल." मी चिडायचे. अकरावीच्या प्रॅक्टिकलपासून आमची वाटणी ठरलेली होती. लोकांशी गोड बोलायचं काम तिचं, तोंड फुगवून बसायचं माझं.

दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाला आम्ही आमचं काम दाखवणार होतो. बागायतदारानं बागेची माहिती मोबाइलमध्ये भरायची, आणि शेवटची फवारणी कधी झाली ते बघून माल तोडायला हरकत आहे की नाही, हे मोबाइलनं सांगायचं. माल परदेशी जायचा. त्यात औषधाचा अंश सापडला की कंटेनर परत, म्हणजे वर्षाची मेहनत पाण्यात. हे काम मिळालं असतं तर मला नाशिक सोडावं लागणार नव्हतं. त्यासाठी मी पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं टोलवत होते आणि घरी रोज त्यावरून बोलणी खात होते.

प्रोग्रॅमचे दोन भाग होते. माहिती भरायचा माझा, हिशेब करून उत्तर द्यायचा तिचा. माझ्याकडे बाग म्हणजे एक ऑब्जेक्ट असायचं. प्लॉट नंबर, वाण, छाटणीची तारीख, फवारणीची तारीख, सगळं एकत्र बांधलेलं. ते जसंच्या तसं तिच्या भागात जायचं नाही. त्याचे सुटे बाइट करून मी मोबाइलच्या मेमरीत रांगेनं ठेवायचे, आणि तिनं ते पलीकडून उचलून पुन्हा जोडायचे. आजच्या पोरांना हे आयतं मिळतं. आम्हाला सगळं हातानं लिहावं लागायचं, आणि बाइटांवर काही नाव लिहिलेलं नसतं. मी ज्या क्रमानं ठेवलं त्याच क्रमानं तिनं उचलायचं. क्रम चुकला तर मोबाइल तक्रार करेलच असं नाही. त्याच्या लेखी तारीख म्हणजे एक लांबलचक आकडा, मग ती छाटणीची असो की फवारणीची.

म्हणून आमचा एकच नियम होता. क्रम बदलायचा तर आधी दुसरीला सांगायचं. तेही लिहून वगैरे नाही, बसल्या खुर्चीतून ओरडून. "अगं ए, वाण वर घेतेय." "घे." एवढ्यावर आमचं काम महिनोन्‌महिने सुरळीत चाललं होतं.

संक्रांत झाल्यावर गटाच्या हॉलमध्ये डेमो ठरला. सकाळी मी माझा भाग मोबाइलमध्ये टाकला, तिनं तिचा. सगळ्यांसमोर माहिती मी भरायची, हे तिनंच ठरवलं. पहिल्या रांगेतल्या एका बागायतदाराला त्याच्या तारखा विचारल्या, भरल्या, बटण दाबलं. पडद्यावर आलं, तोडणीस हरकत नाही.

"परवा तर औषध मारलंय मी," तो म्हणाला. "आन हे म्हनतंय माल काढा. कंटेनर परत आला मंजी कुनाच्या दारात ओतू?"

हॉल हसला. मी पुन्हा भरलं, पुन्हा तेच. छाटणीची ऑक्टोबरातली तारीख फवारणीच्या जागी जाऊन बसली होती, हे मला तिथंच कळलं. मी तिच्याकडे बघितलं. ती गटाच्या अध्यक्षांकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "माहिती भरायचा भाग ह्या मॅडमचा आहे. मी बघून घेते."

मॅडम. कडाक्याच्या भांडणातसुद्धा तिनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. परतताना एसटीत मी विचारलं, "क्रम बदललास?" ती म्हणाली, "गडबडीत सांगायचं राहूनच गेलं गं." तिचे डोळे भरून आले आणि मीच तिची समजूत काढत बसले. तिनं ती काढू दिली, याचा मला आजही संताप येतो.

गटानं काम तिला एकटीला दिलं. दोघींच्या मध्ये घोळ होतो, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. "मी नाही म्हटलं असतं तर दोघींचंही गेलं असतं," ती म्हणाली. मला ते पटलं, आणि मी बॅग भरून पुण्याला गेले.

उन्हाळ्यात सुट्टी काढून निफाडला मामाकडे गेले. मामाची तिथं द्राक्षबाग आहे. जेवण झाल्यावर त्यानं कौतुकानं मोबाइल पुढे केला. "तुमचं हे लय भारी हाय बरं का."

"तुझ्याकडे कसं आलं?"

"तुझी मैत्रीन नाय का आली होती, संक्रांतीच्या आधी. चारी प्लॉटची माहिती घालून बघितली तिनं. एकबी चुकलं नाय. तुला सांगू नका म्हनली, गंमत करायचीय."

"माहिती कोणत्या प्रोग्रॅममध्ये भरली? माझ्या?"

"तुझ्या कशाला? सगळं मीच केलंय म्हनली."

संक्रांतीच्या आधी, म्हणजे डेमोच्या आधी. तेव्हाच तिनं माझा भागही स्वतः लिहून ठेवला होता, आणि तिच्याकडे तारखांचा नवा क्रम दोन्ही बाजूंना जुळलेला होता. तो ठाऊक नव्हता फक्त मला. आणि तपासून बघायला तिला माझ्याच मामाची बाग सापडली. जाताना तिला द्राक्षांची पेटी बांधून दिली, हेही मामानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तडक त्या खोलीवर गेले. ती एकटीच होती. खूप बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "मामाच्या बागेत जाऊन आलीस." तिनं नाकारलं नाही.

"क्रम बदलल्याचं एकदा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू लगेच तुझी बाजू बदलली असतीस," ती म्हणाली. "मग डेमो नीट झाला असता."

खरं होतं ते. मी बसल्या जागी बदललं असतं, आणि का बदलतेयस म्हणून विचारलंसुद्धा नसतं.