आईचे पाच विषय

आईच्या बारावीच्या फॉर्मवरचे दोन विषय मी बदलले. ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन येईपर्यंतच्या वेळात. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि आपण काय करतोय हे मला नीट कळत होतं. 'लहान होते, चूक झाली' असं मी पुढे दोन-तीन जणांना सांगितलं. ते खरं नाही.

आई मुरगूडची. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून तिने अकरावी सायन्सला नाव घातलं होतं, पण पहिली चाचणी झाली आणि लग्न ठरलं. पप्पा कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. कोल्हापुरात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी अकरावीला गेले त्या वर्षी कॉलेजं बंद होती आणि सगळे तास घरातच, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, लॅपटॉपसमोर चालायचे. टेबलाच्या मागे स्वयंपाकघराचं दार. सर शिकवायचे मला, आणि भाकरी थापत ऐकायची आई.

एकदा रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी माझं नाव घेतलं. सिलिंडरमधला प्रोपेन जळतो, त्याचं समीकरण संतुलित करायचं होतं. ऑक्सिजनचे रेणू किती लागतील, असं सरांनी विचारलं. मी माइक सुरू करून म्हटलं, "चार."

मागून आई म्हणाली, "पाच पायजेत. पाच."

माइक सुरूच होता. सर हसले. "बरोबर आहे. आईंनाच बसवा क्लासला." साठ-सत्तर मुलं ऐकत होती. पुढचे आठ दिवस वर्गाच्या ग्रुपवर मला कुणीही काहीही विचारलं की खाली कुणीतरी लिहायचं, 'पाच पायजेत'. त्या दिवशी पप्पांची सुट्टी होती. तेही हसले आणि म्हणाले, "तुझ्या आईला कळतंय आणि तुला कळंना व्हय गं?" त्यांना ते गमतीचं वाटलं. मला तेव्हा आई नको झाली. दुसरा शब्द नाही त्याला.

आईला मात्र त्या एका 'बरोबर आहे'ने काहीतरी झालं. तिने आपल्या मोबाइलवर कुठूनतरी शोधून काढलं, की घरी बसून ऑनलाइन बारावी करता येते, वयाची अट नाही, आणि सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असलं काही बंधन नाही. यादीतले कुठलेही पाच विषय घ्यायचे. एक भाषा मात्र हवीच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिने त्या यादीची प्रिंट काढून आणली. पंधरा दिवस ती यादी फ्रिजवर होती. ती पेन्सिलीने खूण करायची, खोडायची, परत करायची. मी पाणी प्यायला गेले की बघायचे. एकदा इतिहासावर खूण होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. शेवटी पाच राहिले. मराठी, इंग्रजी, अर्थशास्त्र, गणित, रसायनशास्त्र.

"गणित कशाला?" मी विचारलं.

"ऱ्हायलंय की माझं." जेवताना ताटात एखादा पदार्थ राहून जावा तसं ती म्हणाली.

"आणि केमिस्ट्री? तुला झेपणार आहे ती?"

"ऐकतो की मी रोज. कळतंय मला." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'ऐकतो, करतो, जातो' असंच बोलतात. मी त्या वर्षापासून 'ऐकते, करते' म्हणायला लागले होते, आणि आईचं तसलं बोलणं मला कानाला टोचायचं.

फॉर्म भरण्याआधी त्या ऑनलाइन शाळेचं विषय निवडीचं मार्गदर्शन होतं. आई त्यासाठी जरीकाठाची साडी नेसून बसली. मी शेजारी, लॅपटॉप चालवायला. पडद्यावर पन्नासेक चौकोन. एक मॅडम प्रत्येकाला विचारत होत्या, कुठले विषय, कशासाठी. आईची पाळी आली.

"मॅडम, मला रसायनशास्त्र घ्यायचंय आन् गणित. मी घरात ऐकून ऐकून थोडं शिकलोय. वीस वरसं झाली शाळा सुटून. जमंल न्हवं मला?"

कुठल्यातरी चौकोनातून हसण्याचा आवाज आला. कदाचित आईला हसलं नसेलही कुणी. मी हात पुढे करून तिचा माइक बंद केला. मॅडम काहीतरी विचारत होत्या, आई उत्तर देत होती, आणि तिचा आवाज जात नव्हता. तिला ते कळलंच नाही. ती बोलत राहिली. मुरगूडची शाळा, चाचणीत पडलेले मार्क, सगळं सांगत होती. मी खाली चॅटमध्ये इंग्रजीत लिहिलं, की आवाजाची अडचण आहे, त्यांना गृहविज्ञान घ्यायचं आहे. मॅडमनी वाचलं, "व्हेरी गुड, छान निर्णय," म्हटलं आणि पुढच्या चौकोनाकडे वळल्या.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "छान म्हनाल्या की!"

तिचा चेहरा असा खुलला होता, की मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी फॉर्म उघडला. तिने एकेक विषय सांगितला, मी समोर निवडून दाखवला. मग तिला म्हटलं, चहा टाक. ती आत गेली. गणिताच्या जागी मी चित्रकला टाकली, रसायनशास्त्राच्या जागी गृहविज्ञान. विषय निवडण्याचं कारण लिहायला एक रकाना होता, त्यात लिहिलं, 'घरकामात उपयोगी पडतील.' मोबाइल नंबर माझा, ईमेल माझा. आई कप घेऊन आली तेव्हा पडद्यावर 'अर्ज यशस्वीरीत्या दाखल झाला' एवढंच होतं. तिने देवापुढे साखर ठेवली.

पुढचे दोन महिने ती माझी अकरावीची रसायनशास्त्राची वह्यापुस्तकं घेऊन बसायची. दुपारी भांडी झाली की पदराला हात पुसून जुन्या डायरीत समीकरणं लिहायची. अडलं की मला विचारायची. मी म्हणायचे, "मला माझा अभ्यास आहे." खरं तर तिने विचारलेल्यातलं निम्मं मलाही येत नव्हतं.

मग पोस्टाने पुस्तकं आली. तिने पार्सल कात्रीने जपून उघडलं, वरचा कागद फाटू न देता. मराठी, इंग्रजी, अर्थशास्त्र. मग चित्रकला. मग गृहविज्ञान. तिने ती दोन पुस्तकं उलटून पाहिली, पार्सलवरचं नाव पाहिलं, परत पुस्तकं पाहिली.

"दुसऱ्या कुणाची तरी आलीत गं ही," ती म्हणाली. "ती बिचारी वाट बघत असंल. फोन कर आधी त्यास्नी. तिची तिला जाऊ देत."

मी गॅलरीत जाऊन मोबाइल कानाला लावला आणि कुणालाही फोन केला नाही. आत येऊन सांगितलं, ऑफिस बंद आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, लाइन लागत नाही. विषय बदलून घ्यायची मुदत आठ दिवसांत संपत होती. तसा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला होता. आठ दिवस मी रोज एक नवीन थाप मारली. मुदत संपल्यावर सांगितलं, की कॉम्प्युटरनेच विषय बदललेत, आता काही होत नाही.

आईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक करून ठेवला आणि एकटी एसटीने वारणानगरला गेली. तिचं अभ्यासकेंद्र तिथल्या एका शाळेत दिलं होतं. तिथल्या क्लार्कने तिला अख्खा फॉर्म काढून दाखवला. ती दुपारी परत आली, हातपाय धुतले आणि फॉर्मची प्रिंट माझ्यापुढे ठेवली.

"कारण लिवलंयस न्हवं त्यात. वाच."

"आई, मी..."

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. घरकामात उपयोगी पडतील.

"आणि एकदा."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं तिने. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडायचं न्हाई. मी रडलोय का?" मग आत जाऊन मला जेवायला वाढलं. भाजीबरोबर ठेचा, दही, सगळं. माझ्या समोर बसून मी शेवटचा घास घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. पप्पांना तिने काही सांगितलं नाही. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पप्पा ओरडले असते आणि विषय संपला असता.

परीक्षेला ती बसली. केंद्रावर स्कूटीवरून मीच सोडायचे, मीच आणायचे. गृहविज्ञानाच्या पेपरला मी बाहेर झाडाखाली थांबले होते. लवकर पेपर देणाऱ्यांना बाहेर सोडायची पहिली वेळ झाली आणि एकटी आई फाटकातून आली.

"झाला एवढ्यात? लिहिलास ना?"

"नाव लिवलं. नंबर लिवला."

"आणि?"

"आणि काय? चल, ऊन लागाय लागलंय."

निकाल लागला. मराठी, इंग्रजी, अर्थशास्त्र, तिन्हींत उत्तम मार्क. चित्रकलेत पास. गृहविज्ञानात नापास, म्हणून बारावी अपुरी. पप्पांना कोऱ्या पेपरचं ठाऊक नव्हतं. ते पोट धरून हसले. मुरगूडला मामाला फोन लावला. "ऐकलंस व्हय? वीस वरसं माझं घर चालवलं आणि तुझी भन गृहविज्ञानात नापास!" मामा हसला. त्या दिवसापासून ते आमच्या घराण्यातलं ठेवणीतलं वाक्य झालं. लग्नात, बारशात, कुणी पाव्हणं आलं की पप्पा ते सांगायचे, आणि ऐकणारा प्रत्येक जण आईच्या हातचं जेवत हसायचा. आई वाढत वाढत हसायची. मला खरं काय ते माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर ते थांबलं असतं, पण मग ते वाक्य कुठून सुरू करायचं हाही प्रश्न होता. मी हसायचे. पप्पा सांगताना शब्द विसरले तर मी आठवण करून द्यायचे, इथपर्यंत मजल गेली होती माझी.

दरम्यान माझी बारावी झाली. रसायनशास्त्रात काठावर पास. प्रवेश परीक्षेत काहीच नाही. ज्या विषयापायी मी हे सगळं केलं, त्याला मी पुढे हातही लावला नाही. बी.ए. केलं आणि इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. खिडकीवर बसून प्रवेशाचे फॉर्म तपासायचे, हे माझं काम.

गेल्या वर्षी त्या खिडकीवर एक बाई आल्या. चाळिशीच्या, वारणेकडच्या. कागद देता देता त्यांनी माझ्या टेबलावरच्या पाटीवरचं नाव, पप्पांच्या नावासकट आणि आडनावासकट, वाचलं आणि आईचं नाव घेऊन विचारलं, "त्यांच्या कोण तुम्ही?"

"मुलगी."

"अगंबाई! आमच्या संगं प्रॅक्टिकलला होत्या की त्या. केमिस्ट्रीच्या. आमचे हात लटलट कापायचे, आणि त्यांचा बरोबर एका थेंबावर रंग बदलायचा. सर सगळ्यांना बोलवून दाखवायचे. बारावीला मार्क काय पडले हो त्यांना?"

मी म्हटलं, "चांगले पडले." बाईंचा फॉर्म तपासताना मी दोन चुका केल्या.

घरी गेले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं. तिने घडी पूर्ण केली आणि मग सांगितलं. नापास विषयाच्या जागी दुसरा विषय घेता येत होता. तिने रसायनशास्त्र घेतलं, जादा म्हणून गणितही घेतलं. फॉर्मवर स्वतःचा नंबर घातला. मुरगूडला माहेरी जातो म्हणून सांगून वारणानगरला जायची.

"दोन वरसं झाली पास होऊन," ती म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

ती वाट बघत थांबली. खरंच थांबली, उत्तर हवं असल्यासारखी.

"मार्कलिस्ट दाखव ना," मी म्हटलं.

"न्हाई."

"आई, फक्त बघते."

"तुला दाखवायला न्हाई काढलेली ती."

"निदान पप्पांना तरी सांगू. ते अजून सगळ्यांना..."

"त्यास्नी हसू दे. त्यांचं हसणं मला लागत न्हाई. त्यास्नी ठावंच न्हाई काय." तिने टॉवेल झटकला. "तू हसायचीस ते मी बघत हुतो."

त्या रविवारी पप्पांचे फाउंड्रीतले मित्र जेवायला आले. तांबडा रस्सा वाढून झाला आणि पप्पांनी ते वाक्य काढलं. सगळे हसले. मी पहिल्यांदाच हसले नाही, खाली मान घालून बसले. आई पातेलं घेऊन माझ्या पाठीशी आली, माझ्या वाटीत रस्सा ओतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हस की गं. आज काय झालं तुला?"

पाव्हणे माझ्याकडे बघायला लागले. मी हसले. ती पुढच्या माणसाला वाढायला गेली.

आता ती पदवी करते आहे, ऑनलाइनच. कुठले विषय घेतले ते मला माहीत नाही. दुपारी तिचा तास चालू असतो. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले आणि त्या खोलीत काही घ्यायला गेले, तर ती लॅपटॉप मिटते आणि मी बाहेर पडेपर्यंत हात त्यावरच ठेवते.