दुसरं वाण

शाळेला सुट्टी लागण्याआधी नातीची सहल यॉर्कला गेली होती. तिथून ती एका रोमन सम्राज्ञीची गोष्ट घेऊन आली.

"आजी, ती नवऱ्याबरोबर यॉर्कला राहायची. मग नवरा मेला. आणि मोठा मुलगाने छोट्याला मारून टाकलं, तिच्या लॅपमध्येच. तिला रडायला पण अलाउड नव्हतं."

माझा थोरला समोर जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

देशाची आई, सैन्याची आई अशा पदव्या मिरवणारी बाई ती. तिच्या थोरल्यानं घरच्या चित्रातला धाकट्याचा चेहरा खरवडून काढला, तरी पुढे त्याच थोरल्याला आलेल्या पत्रांना ती उत्तरं देत बसली. मला राग आला तो तिचाच. काय चाटायच्यात त्या पदव्या?

माझ्या दोन्ही मुलांची ब्रॅकनेलमध्ये एकच कंपनी होती. धाकटा भांडून बाहेर पडला, लेस्टरला गेला. तेव्हापासून या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असा थोरल्याचा हुकूम. हॉलमधल्या फोटोतूनही त्याला कापलं. माझ्या खांद्यावरची त्याची बोटं तेवढी राहिली. आणि मी याच थोरल्याचे डबे भरते. तिचा लेक सम्राट होता, माझा डायरेक्टर आहे, एवढाच काय तो फरक.

सुट्टी संपता संपता पिठोरी अमावास्या आली. त्या दिवशी आईनं खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरायचं, मागे न बघता "अतीत कोण?" विचारायचं, आणि मागे उभ्या मुलानं "मी" म्हणून ते घ्यायचं. जितकी मुलं तितकी वाणं. गेल्या वर्षी भिऊन एकच केलं होतं. यंदा दोन केली.

पहिलं थोरल्यानं घेतलं. मी दुसरं डोक्यावर धरलं.

"अतीत कोण?"

सुनेनं स्वयंपाकघरातला नळ बंद केला. माझे हात भरून आले, पण वाण खाली आणलं नाही. पुन्हा विचारलं.

"मीच आहे, आई," थोरला म्हणाला. "दे इकडे. इट्स एनफ नाऊ."

त्याचा हात वाटीला लागला तशी मी वळले. असं मध्येच वळायचं नसतं. "तुझं तू घेतलंस. हे तुझं नाही," म्हटलं, आणि कुणाचं ते नाव घेऊन सांगितलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

खीर डब्यात भरली, पुऱ्या फॉइलमध्ये बांधल्या, कोट चढवला.

"आई, मी सोडायला येणार नाही हं."

"ट्रेन आहेत," मी म्हटलं.

लेस्टरच्या गाडीत खीर सांडू नये म्हणून डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. त्या सम्राज्ञीच्या मांडीवर काय होतं ते तेव्हा आठवलं, आणि भर गाडीत, कुणाचीही परवानगी न घेता, मी रडले.