दसऱ्यानंतरची रायफल

ती रायफल आज दहा रायफलींत ठेवली तरी मी हात लावून ओळखीन. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी जळगावात फौजदार होते. कडक इस्त्री, नाकावर राग आणि ट्रेनिंगची पुस्तकं तोंडपाठ. आरशासमोर उभं राहून दरडावायचा सराव करायचे. नातीला ते करून दाखवते तेव्हा ती लोळून हसते.

दसरा नुकताच झाला होता. नशिराबादजवळ हायवेवर संध्याकाळच्या नाकाबंदीला दोन शिपाई उभे होते. ट्रक लुटणाऱ्या टोळीची जीप त्यांनी अडवली आणि आतून गोळ्या आल्या. एक शिपाई जागीच गेला. दुसऱ्याच्या हातात एसएलआर होती, दर गोळीनंतर पुढची आपोआप भरून घेणारी. तिच्यातून एकच गोळी सुटली, तीही निंबाच्या शेंड्यात. जीप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खबऱ्या कानाशी लागला. "बाईसाहेब, तुमनाच मानूस फुटेल शे. मुद्दाम वर झाडी त्यानी."

झालं! मी त्या शिपायाला समोर बसवलं आणि टेबलावर मूठ आपटली. "कोणाला सामील आहेस?" पेपरवेट घरंगळून माझ्याच पायावर पडलं. त्यानेच वाकून उचलून दिलं. वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस.

"एकच सुटनी, बाईसाहेब. दुसरी उनीच नही."

"रायफल साफ कोणी केली होती?"

त्याने मांडीवरच्या टोपीचा बिल्ला अंगठ्याने पुसला. "मीच."

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा मात्र पुढे तोंडच उघडेना. सेवा संपत आलेली, आणि कपाळावर फितुरीचा डाग.

मग पंचांसमोर सील फोडून रायफल रेंजवर नेली. एक गोळी सुटली, रिकामं काडतूस अर्धवट अडकलं. मॅगझिन बदललं, तेच. दुसऱ्या पेटीतल्या गोळ्या घेतल्या, तरी तेच. गोळ्या नेमाच्या फळ्याच्या वरून जात होत्या, कारण नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, सैल झाली होती. निंबाचा उलगडा तिथेच झाला. शेवटी गॅस प्लग काढला. गोळीमागच्या गॅसच्या जोरावरच पुढची गोळी भरली जाते. त्या गॅसची वाटच बुजलेली होती. टाचणीने खरवडलं, तर लाल खपली निघाली. नाकाशी धरली, खोबरेल तेलाचा वास. कुंकू!

ठाण्यातली दसऱ्याची शस्त्रपूजा त्या नाकाबंदीत गेलेल्या शिपायाच्या हातची असायची. वरवर बोट टेकवून त्याचं समाधान होत नसे. रायफल खोलून आतल्या भागांनाही तो तेलात कालवलेलं कुंकू लावायचा. आणि पूजेचं शस्त्र लगेच पुसायचं नाही, हे सगळंच ठाणं पाळायचं.

मी जवळजवळ उड्या मारतच परत आले. "सुटलात तुम्ही! चूक त्याची होती!"

त्याने हात जोडले. "माले ठाऊक शे, बाईसाहेब. पन त्यानी घरवालीले सांगू नका. पूजानीच घात करा, हाई तिना मनमा जलमभर ऱ्हाई."

माझ्या उड्या तिथेच थांबल्या.

अहवालात मी 'गॅस प्लगमध्ये घाण' एवढंच लिहिलं. पुढे टोळी चाळीसगावला सापडली. त्यांच्यातला एकही त्याला ओळखत नव्हता. फितुरीचा डाग गेला, निष्काळजीपणाची शिक्षा त्याने मुकाट्याने घेतली. गेलेल्या शिपायाच्या बायकोला एवढंच कळलं, की याने रायफल साफ ठेवली नाही म्हणून आपला माणूस गेला.

गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हा लपवत नसतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. तिचा मुलगा भरती झाला, ती पोलीस लाईनीतच राहिली. दसऱ्याला सगळ्यांच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवायची. या शिपायासमोर आली, की हात मागे घेऊन पुढे जायची. निवृत्त झाल्यावरही तो दर दसऱ्याला यायचा, रांगेत उभा राहायचा आणि रिकामा हात पुढे करायचा.