पाकिटावरचा नंबर

भिंगारच्या जुन्या बाजारामागे एक गॅरेज आहे. माझी स्कूटर तिथेच दुरुस्तीला जाते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिथे एक जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार आली. ती कॅरिअरवरून, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवरून, उतरवताना बाजारातली निम्मी माणसं बघायला जमली होती. कार बुटकी, राखाडी, डाव्या स्टिअरिंगची. मागच्या बाजूला धातूचे तीन आकडे लावलेले होते, ९११.

गॅरेज चालवणारे गृहस्थ लष्कराच्या वर्कशॉपमधून सिव्हिलियन फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य हिरव्या ट्रकांखाली गेलं. त्यांनी कारचं पुढचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिले.

"ही तर डिकी आहे. इंजिन कुठंय?"

"मागं हाय," कारचे मालक म्हणाले. "मी बी घेताना असाच फसलो हुतो."

मालक नेवाशाकडचे, ऊसवाले. मुंबईतल्या एका माणसाकडून त्यांनी ही कार घेतली होती. इंजिन चालू होत होतं, पण ब्रेकचं पेडल दाबलं की थेट तळाला जात होतं. काम एवढंच होतं. वस्तादांनी त्यांच्यासमोर सांगितलं, "गाडी माझ्या दारातून स्वतःच्या चाकांवर बाहेर जाईल. ही झाली की मी शटर ओढणार. गुडघे आता ऐकत नाहीत."

हे त्यांनी सहज म्हटलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी नवीन एकही गाडी घेतली नाही. माझी स्कूटरही परत पाठवली, तरी मी तिथे जाऊन बसत होतो.

दोष ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये निघाला. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा हा भाग आतून झिजला होता. तो परदेशातून मागवून देणारी एक बाई पुण्यात होती. तिने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "९११ कळलं, पण आतला कोड कोणता?"

वस्तादांनी फोन माझ्या हातात दिला. मी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं सगळं मला कळतं, असा त्यांचा समज आहे. मी कोड शोधून सांगतो म्हणालो. एका संध्याकाळचं काम असेल असं वाटलं होतं.

पुढे जे हाती लागलं ते असं. कारखान्याने या कारला आधी ९०१ म्हटलं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत, अशी हरकत एका फ्रेंच कंपनीने घेतली, म्हणून विक्रीसाठी ९११ झालं. पुढे कारची पिढी बदलली तरी मागचा ९११ तसाच राहिला. आत मात्र प्रत्येक पिढीला वेगळा कोड होता. ९६४ नंतर ९९३. त्यानंतर ९९६, ९९७. इथपर्यंत क्रम चढता होता, म्हणून मी पुढचा आकडा मोठाच असणार असं धरलं. पुढचा निघाला ९९१. म्हणजे ९९१ हा ९९७ पेक्षा नवा. हे मी तीन ठिकाणी तपासलं आणि तिन्ही ठिकाणी तसंच होतं. ९३० हा कोड त्याच घराण्यातल्या जुन्या टर्बोचा होता, आणि ९२८ ही तर वेगळीच कार. तिचं इंजिन पुढे आणि पाण्याने थंड होणारं. आपल्या कारचं मागे आणि हवेने थंड होणारं.

मी वहीत तक्ता केला. तो वस्तादांना दाखवला.

"संपादक, हे गाड्यांचे नंबर आहेत का मटक्याचे?"

"मला सांगता येत नाही."

"आमच्या स्टोअरमध्ये असं कुणी लिहिलं असतं तर आत टाकला असता."

शेवटी चासी नंबर बघायचा ठरला. आरसी बुकात तो होता, पण वस्तादांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांनी पुढच्या डिकीतली सतरंजी उचलली, पत्र्यावरची धूळ पुसली आणि मला टॉर्च धरायला लावला. सतरा अक्षर-आकडे होते. माहितीनुसार कोड त्यातच असायला हवा होता. तो होता, पण फुटलेला. सातव्या आणि आठव्या जागी ९६. मग तीन इंग्रजी अक्षरं. आणि बाराव्या जागी एकटा ४. एक क्रमांक तोडून त्याचा शेवटचा आकडा लांब का ठेवला असेल, याचं कारण मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही माहीत नाही. पण तिन्ही आकडे होते. कार ९६४ होती. पुण्याला तसं कळवलं.

महिनाभराने पाकीट आलं. जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद, वर छापील नंबर. वस्तादांनी चष्मा लावला आणि पहिले तीन आकडे मोठ्याने वाचले, "नऊ, दोन, आठ."

मी तक्ता उघडला. ९२८, पुढे इंजिनवाली, वेगळी कार.

"बघा नीट."

मी दोनदा बघितलं. शंकेला जागा नव्हती.

वर्कशॉपमध्ये वस्तादांचा एक नियम होता आणि निवृत्तीनंतरही तो सुटला नव्हता. पाकिटावरचा नंबर जुळला नाही तर पाकीट उघडायचं नाही. उघडलेला माल स्टोअर परत घेत नाही आणि चुकीचा भाग गाडीला लावला की जबाबदारी फिटरची. त्यांनी पाकिटावर चिठ्ठी चिकटवली, 'नंबर जुळत नाही', आणि त्याच दुपारी ते कुरिअरने परत गेलं. डेस्कवर माझाही नियम तसाच होता. नाव आणि आकडा जुळला नाही तर बातमी थांबवायची. दोघांनाही आपण बरोबर केलं असं वाटलं.

मालकांना हे कळलं तेव्हा ते स्वतः आले.

"वस्ताद, तुमच्यावर माझा राग न्हाई. पन पुण्यात एक मेस्त्री हाय, तो म्हनतो, दोन दिवसांत करून देतो. शनवारी गाडी न्यायला कॅरिअर आनतो."

"शनिवार म्हणजे परवा नव्हे?"

"न्हाई, फुडचा."

 मालक गेल्यावर वस्तादांनी हत्यारं पुसून पेटीत लावायला सुरुवात केली. ते काम ते एरवी कधी दिवसाउजेडी करत नाहीत.

मंगळवारी पुण्याच्या बाईचा मला फोन आला.

"काका, तो सिलिंडर परत का पाठवला?"

"चुकीचा होता. आमची कार ९६४ आहे. तुम्ही ९२८ चा पाठवला."

"बसवून पाहिला?"

"पाकीट उघडलंच नाही. नंबर जुळत नव्हता."

 मग तिने हळूहळू सांगितलं, जसं शाळेतल्या मुलाला सांगतात. भागाच्या नंबरातले पहिले तीन आकडे तो भाग मुळात कोणत्या कारसाठी आखला ते दाखवतात. तो आणखी कोणत्या कारला लागतो, ते दाखवत नाहीत. कारखान्याने ९२८ साठी आखलेला सिलिंडर पुढे ९६४ ला तसाच वापरला. नवा नंबर देण्याची त्यांना गरज वाटली नाही.

"म्हणजे तो बरोबर होता?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्याकडे एकच आहे आणि बंगळूरचं एक गिऱ्हाईक मागतंय. आज सांगा."

मी वस्तादांना न विचारता "पाठवा" म्हणालो. मग गॅरेजवर गेलो आणि जे झालं ते तिने सांगितलं त्याच क्रमाने सांगितलं. तक्ता माझा होता, तपासणी माझी होती, हेही सांगितलं.

"म्हणजे नंबर चूक नव्हता?"

"नाही."

"आणि जुळत पण नव्हता?"

"नाही."

"मग माणसानं बघायचं काय?"



शुक्रवारी दुपारी पाकीट आलं. वर त्यांचीच चिठ्ठी तशीच होती. वस्तादांनी ब्लेड हातात घेतलं, पुन्हा नंबर वाचला आणि ब्लेड माझ्याकडे दिलं. "तुम्ही कापा. माझ्या हातून व्हायचं नाही." मी कापलं. त्यांनी सिलिंडर बाहेर काढला, जुन्याशेजारी ठेवला आणि बोटांनी दोन्हींची भोकं मोजली. भोकं सारखी होती. त्यावर ते एवढंच म्हणाले, "पाना द्या."

बसवायला दोन तास लागले. मग नळ्यांतली हवा काढायची होती. मी पेडलवर, ते चाकापाशी आडवे.

"दाबा. धरा. धरा म्हटलं ना!"

"धरलंय."

"सोडा. संपादक, पाय आहे का लेखणी?"

अंधार पडायच्या आत पेडल अर्ध्यावरच घट्ट झालं.

शनिवारी सकाळी मालक कॅरिअर घेऊनच आले. फोनवर त्यांना सांगितलं होतं, पण त्यांनी कॅरिअर रद्द केला नव्हता. वस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून डाव्या बाजूला बसले. कॅन्टोन्मेंटच्या सरळ रस्त्यावर त्यांनी तीनदा वेग घेतला आणि तीनदा गाडी जागेवर उभी केली. तिसऱ्या वेळी मालक उजवीकडे बसलेले होते. उतरून त्यांनी टायर बघितले, मग माझ्याकडे वळले.

"तुमी अभ्यास केलाय म्हनं. ही नक्की कोन्ती गाडी हाय? ९११, ९६४, का ९२८?"

मी सुरुवात केली. मागे लिहिलंय ते एक, आत आहे ते दुसरं, आणि ब्रेकमध्ये... ते हसायला लागले. "ऱ्हाऊ द्या. थांबती, तेवढं बास हाय."

नेवाशापर्यंत गाडी वस्तादांनीच न्यावी असं ठरलं. मालक पुन्हा उजवीकडे बसले. गाडी नगरच्या दिशेने निघाली आणि मागून रिकामा कॅरिअर निघाला. गॅरेजचं शटर उघडंच होतं. वस्ताद जाताना ते ओढायचं विसरले होते. ते मी खाली ओढलं, आणि कुलूप सापडेना म्हणून वस्ताद परत येईपर्यंत दाराशी बसून राहिलो.